डाव्या कमरेला

"आधी उकिडवं बसून पाहायचं. मग बोलायचं."

हे म्हणता म्हणता ती खरोखर खाली बसायची. बुटांच्या दुकानात बसायची, कोटांच्या दुकानात बसायची. पिकअप ट्रक घ्यायला गेलो तेव्हा ती त्याच्या मागच्या उघड्या हौद्यात चढून दोन्ही गुडघे पोटाशी घेऊन बसली होती आणि विकणारा टाय सावरत खाली उभा होता. "आयुष्याचा निम्मा वेळ मी गाईच्या मागे उकिडवी असते," ती त्याला शांतपणे सांगत होती. "जी वस्तू मला बसू देत नाही, ती माझ्या काय कामाची?"

एकदा मी विचारलं, "ताई, तुम्ही लग्न नाही केलंत?"

"पाहिलं ना बसून. दोघांसोबत. पोहे चांगले होते."

तुमच्याही ओळखीत अशी माणसं असतील, ज्यांचं एकच वाक्य आयुष्यातल्या सगळ्या कुलपांना लागतं. आमच्या या डॉक्टरीणबाईंचं ते वाक्य होतं. जनावरांची डॉक्टर. अमरावतीकडची मुलगी, नागपूरला शिकली आणि कशी कोण जाणे, पेनसिल्व्हेनियातल्या गोठ्यांमध्ये येऊन पोचली. बुटकी, रुंद खांद्याची. अंगात निळा डगला आणि विजार एकत्र शिवलेला कामाचा पोशाख, पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट, लांब वेणी कॉलरच्या आत खोचलेली आणि कपाळावर ठसठशीत कुंकू. नवरा नव्हता, पण कुंकू होतं. विचारलं तर म्हणायची, "गाईंना ओळख पटते."

आम्ही तेव्हा तिथल्याच स्टेट कॉलेज नावाच्या गावात होतो. ऐंशीच्या दशकाची सुरुवात. माझा नवरा युनिव्हर्सिटीत शिकवायला लागला होता आणि मी काहीच करत नव्हते. तेव्हाच्या मला तुम्ही पाहायला हवं होतं. पुण्याहून नुकतीच आलेली, लांबसडक केस मानेपर्यंत कापून कुरळे करून घेतलेले, ब्लाउजच्या खांद्यांत गाद्या घातलेल्या, आणि अमेरिका इतकी वर्षं आपलीच वाट पाहत खोळंबली होती असा पक्का समज. आज ती मुलगी दारात आली तर मी तिला चहा देईन, पण हसू आवरणार नाही.

एका प्रोफेसरांच्या तळघरात गणपती बसला होता. आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत माझ्या मागून प्रश्न आला.

"गाडी चालवता येते?"

"हो."

"रक्त पाहून चक्कर येते?"

"छे! मुळीच नाही."

पहिलं उत्तर त्याच आठवड्यात खरं झालं होतं. दुसरं मी कधी तपासून पाहिलेलं नव्हतं. पुढच्या सोमवारी मी तिची मदतनीस म्हणून कामाला लागले आणि पहिल्याच बाळंतपणात, म्हणजे गाईच्या, दुधाच्या कॅनला टेकून बेशुद्ध पडले. शुद्धीवर आले तर समोर तिचा चेहरा, कोपरापर्यंत लाल हात आणि मागे एक ओलं वासरू उभं राहायची खटपट करतंय.

"उठली का पुणेकरीण? बरं झालं. दोरी धर."

रागावली नाही, हसली नाही. तिच्यापाशी चक्कर ही एक कामातली अडचण होती, पाऊस किंवा बोळात अडकलेला ट्रॅक्टर असावा तशी.

दवाखाना तिचा नव्हता. एका म्हाताऱ्या अमेरिकन डॉक्टरांचा होता. उंच, हडकुळे, सदैव हातात कॉफीचा कप. येत्या वसंतात ते निवृत्त होणार होते आणि दवाखाना तिच्या हाती द्यायचं त्यांच्या मनात होतं. पण मनात होतं एवढंच. तोंडाने म्हणाले नव्हते. शेजारच्या काउंटीतला एक तरुण डॉक्टरही चकरा मारून जायचा. तो आला की ती मुद्दाम मराठीत गुणगुणायची.

आता मुख्य गोष्ट. तिच्याकडे एक रिव्हॉल्व्हर होतं.

दचकू नका, मी तुमच्यापेक्षा जास्त दचकले होते. पण तिकडच्या शेतांवर जड, राबणारे घोडे असत. त्यांचा पाय मोडला की तो सांधत नाही. इंजेक्शन असायचं, पण शीर सापडायला जनावर जरा तरी स्थिर लागतं, आणि वेदनेनं तडफडणारा एवढा मोठा घोडा स्थिर कसला राहतो. तेव्हा जनावरांच्या डॉक्टरनं शेवटचं काम गोळीनं करायचं, ही त्या भागातली रीत होती. लायसन्स होतं, नेम शिकलेली होती, सगळं रीतसर.

मी पहिल्याच आठवड्यात माझा सगळा धर्म पणाला लावून विचारलं, "आणि ताई, गाय असली तर?"

"काहून? गाय कण्हून राहिली असली तर मी पोथी पाहत बसू की तिच्याकडे पाहू?"

विषय संपला.

तर हे रिव्हॉल्व्हर ती कशात ठेवायची, ऐका. बटव्यात. आईनं जुन्या सतरंजीच्या कापडाचा, आतून मऊ अस्तर लावून, स्टेथोस्कोपसाठी शिवून पाठवलेला बटवा. तोंडाला नाडी. आपल्याकडे जपायची वस्तू बटव्यात जाते आणि बटव्याला नाडी असते, यात तिला कधी काही वावगं वाटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही. मला फक्त तो रंगानं गावंढळ वाटायचा.

नाताळाच्या आधीची गोष्ट. एका आमिश शेतकऱ्याचा निरोप आला. आमिश म्हणजे जुन्या चालीची माणसं, घोडागाडीनं फिरणारी, घरात वीज न घेणारी. हा दाढीवाला, अबोल माणूस शेती करायचा आणि हिवाळ्यात घोड्यांचे पट्टे-लगाम शिवायचा. त्याचा कामाचा घोडा बर्फावरून घसरून बांधाखाली पडला होता. पुढचा पाय नको तिथे वळला होता. पाहताच कळत होतं.

तिनं बटवा काढला आणि नाडी ओढली. नाडी सुटेना. वाटेत ट्रकमध्ये बर्फाचं पाणी सांडून ती भिजली होती आणि गाडीतून उतरून घोड्यापर्यंत चालत येईतो गोठून तारेसारखी कडक झाली होती. तिनं हातमोजे काढले. नखांनी ओढली. मग दातांत धरली. मी बाजूला उभी, माझे दात वाजत होते, आणि त्यावेळी मला काय सुचावं? ती लिपस्टिक लावत नाही ते एक बरं, हे. तो घोडा मान उचलून तिच्याकडे बघत होता. त्याचा मालकही. असेल मिनिटभर. मग नाडी सुटली आणि पुढचं काम तिनं नीट केलं.

परतीच्या वाटेवर ती एकच वाक्य बोलली.

"त्याला वाट पाहावी लागली गं."

घोड्याला की मालकाला, हे मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्या डॉक्टरांपर्यंत बातमी पोचली होती. त्यांनी आवाज चढवला नाही, कप खाली ठेवला, इतकंच. "गाई तुझ्या," ते म्हणाले. "घोड्यांचं शेवटचं काम वसंतापर्यंत मी करीन. मग बघू कसं काय ते."

ते बाहेर गेल्यावर ती बराच वेळ हात धूत राहिली.

"कळलं तुला?" ती म्हणाली. "जे जनावर जगणार त्याची डॉक्टर मी. जे मरणार त्याचे डॉक्टर ते. म्हणजे मी अर्धी डॉक्टर. दवाखाना अर्ध्या डॉक्टरला कोण देते?"

"पण चूक नाडीची होती ताई."

"नाडी कोणाची होती? माझीच ना?" तिनं बटवा उचलून कपाटात टाकला. "चाल. होल्स्टर पाहायला जाऊ."

होल्स्टर म्हणजे पिस्तुलाचं कमरेला लावायचं कातडी म्यान. हा शब्द ऐकताच माझ्या अंगात जे वारं शिरलं ते विचारू नका. मला वाटलं, आता खरी अमेरिका सुरू झाली. शिकारीच्या सामानाच्या दुकानात शिरल्या शिरल्या मी एक तपकिरी, नक्षीदार, झालर लावलेलं, पितळी चांदणी ठोकलेलं होल्स्टर उचललं आणि म्हणाले, "हेच!"

दुकानदारानं तिच्याकडे पाहिलं. "यजमानांसाठी का?"

"यजमान नाहीत. घोड्यांसाठी पाहिजे."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, जणू मी दुभाषी आहे. मी अर्थातच झालर दाखवली.

तिनं ते कमरेला बांधलं आणि दोन कपाटांच्या मधल्या वाटेत उकिडवी बसली. झालर फरशीवर पसरली. "ही पहिली शेणात," ती म्हणाली. "पुढचं?"

पुढचं साधं होतं, उजव्या कमरेचं. बसली, तर मूठ बरगडीत. उठली, कोटाचं बटण लावलं आणि हात न्यायचा प्रयत्न केला, तर कोट मागे सारावा लागे आणि कोपर पंखासारखं वर येई. "एवढं मोठं कोपर हललं की घोडा बिचकणार." तेही गेलं.

मग काखेतलं. दोन्ही खांद्यांवरून पट्टे, बैलाला जुंपावं तसे. मला ते फार स्टायलिश वाटलं आणि मी तसं म्हटलं.

"अगं, मी गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालते. काखेत काय काय ठेवू?"

घोट्याला बांधायचं एक होतं. तिनं नुसता आपला रबरी बूट पुढे केला. दुकानदारानं ते स्वतःच परत ठेवलं.

शेवटी त्यानं वर पट्टी आणि दाबायचं बटण असलेलं एक आणलं. ते तिला बरंच आवडलं. हातमोज्यासकट उघडता येतं का पाहिलं, आलं. पण बटण टक्‌कन वाजलं. तिनं पुन्हा दाबलं, पुन्हा उघडलं. टक्. टक्.

"आवाज जरासाच आहे मॅडम," दुकानदार म्हणाला.

"घोड्याचे कान पाहिलेत का तुम्ही?"

एव्हाना दुकानातली दोन-तीन धिप्पाड माणसं बंदुका पाहायचं सोडून आमच्याकडे पाहत होती. मी तिच्या कानाशी पुटपुटले, "ताई, लोक बघतायत."

"पाहू दे ना बाप्पा. त्यांनाही कोणी शिकवलं नसेल."

काही न घेता आम्ही बाहेर पडलो. मी झालरीकडे वळून पाहिलं होतं, हे कबूल करायला आता हरकत नाही.

उत्तर सापडलं ते भलत्याच ठिकाणी, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. तेच प्रोफेसरांचं तळघर, त्याच दहा-बारा बायका, काळ्या साड्या आणि पायांत लोकरीचे मोजे. मी कांजीवरम नेसले होते आणि कमरेला सासूबाईंनी दिलेला चांदीचा छल्ला खोचला होता, किल्ल्या अडकवायचा. मला तो जुनाट वाटायचा, पण चांदीचा होता आणि बाकीच्या बायकांकडे नव्हता, म्हणून खोचला. त्यात आमच्या निळ्या गाडीची किल्ली.

मी डाव्या हातात तिळगुळाचं ताट घेऊन कुणाशी तरी बोलत होते. इतक्यात वरून यजमानीणबाई ओरडल्या, "अगं, ती निळी गाडी कुणाची? बर्फ ओढणारा ट्रक आलाय, काढा लवकर!"

मी बोलणं न थांबवता, ताट न ठेवता, उजवा हात डाव्या कमरेला नेला, छल्ला काढला आणि जिन्याकडे वळले.

"थांब!"

सगळ्या माना वळल्या. ताई हळदीकुंकवाची कोयरी हातात घेऊन उभी होती.

"परत खोच."

"अहो, गाडी..."

"खोच म्हणते ना. आता परत काढ. बोलता बोलता काढ. काहीही बोल."

मी दहा-बारा बायकांसमोर, ताट हातात घेऊन, 'तिळगूळ घ्या, गोड बोला' म्हणत किल्ली काढली. परत खोचली. परत काढली. कुणाला वाटलं उखाणा घेतेय. एक काकू तर टाळ्या वाजवायला लागल्या.

"तू खाली पाहिलं नाहीस," ताई म्हणाली. तिचे डोळे लकाकत होते. "कोपर हललं नाही. ताट सांडलं नाही. हात आपला आपण गेला. अगं, माझी आई अशीच धान्याच्या खोलीची किल्ली काढायची. डावीकडे खोचलेली, उजव्या हाताला सापडायची. समोरच्याला पत्ता नसायचा. आणि मी मूर्ख, दुकानात पिस्तूलवाल्यांना विचारून राहिले!"

"ताई, माझी गाडी..."

तोवर बर्फ ओढणारा ट्रक येऊन गेला होता आणि माझी निळी गाडी पांढऱ्या टेकडीच्या पोटात होती. ती उकरून काढायला साड्यांवर कोट चढवून आम्ही सगळ्याजणी फावडी घेऊन लागलो. ताई सगळ्यात पुढे, आणि फावडं मारता मारता मध्येच थांबून उजवा हात डाव्या कमरेला नेऊन पाहत होती.

नंतर कळलं की असं उलट्या बाजूचं होल्स्टर दुकानातही मिळतं. पण ती दुकानात गेली नाही. ती थेट त्या दाढीवाल्या शेतकऱ्याकडे गेली, ज्याचा घोडा थांबला होता.

"तुम्हाला दुसरा कोणी चांभार दिसला नाही का?" मी गाडीत म्हणाले.

"दुसऱ्या कोणाचा घोडा माझ्यासाठी थांबला नव्हता."

त्याच्या कारखान्यात सगळीकडे कातड्याचा वास होता. तिनं काय हवं ते सांगितलं. त्यानं हातातलं काम थांबवलं नाही.

"हातातल्या बंदुकांसाठी मी काही शिवत नाही," तो म्हणाला. "त्या माणसांवर चालवायला असतात."

"ही नाही."

त्यानं पुढचा टाका घातला. मग माझ्या ताईनं काय केलं असेल? बसली. त्या कातड्याच्या कपच्यांमध्ये उकिडवी बसली आणि पुठ्ठ्याचा कापलेला नमुना डाव्या कमरेला, जरा पोटाकडे, लावून धरला. डावा हात हवेत, लगाम धरल्यासारखा. उजवा हात पोटावरून कोटाच्या आत. एकदा. पुन्हा एकदा.

तो माणूस पाहत राहिला. मग हातातली कातडं टोचायची आर बाजूला ठेवून तोही तिच्यासमोर उकिडवा बसला. इतक्या दुकानांत ती इतक्या वेळा खाली बसली, पण समोर बसलेला तो पहिला.

"बटण?" त्यानं विचारलं.

"नको. आवाज होतो."

"मग तोंड घट्ट करतो. घोडा झाकला जाईल असं." बंदुकीच्या घोड्याबद्दल बोलत होता. "उलटं केलं तरी पडणार नाही, पण ओढलं की येईल."

"हातमोज्यानं?"

"हातमोज्यानं."

जरा वेळानं तो म्हणाला, "त्या दिवशी तुम्ही दातांनी सोडवत होतात. माझ्या कमरेला चाकू होता. मला सुचलं नाही."

तिनं मान हलवली. दोघं तसेच बसून राहिले, आणि मी मात्र उभी, उंच टाचांचे बूट घातलेली, कारण त्या बुटांत मला बसता येत नव्हतं.

"गुरुवारी या," तो उठत म्हणाला.

होल्स्टर आलं. गडद, साधं, ना झालर ना चांदणी. मी जरा खट्टू झाले. ती त्याच्यावरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "आता सराव. तू घोडा."

"मी?"

"मग काय मी होऊ?"

दवाखान्याच्या मागच्या खोलीत माझ्या कुरळ्या केसांवरून घोड्याच्या तोंडाला बांधायचं खरंखुरं मुखाडं चढवण्यात आलं. रिकामं रिव्हॉल्व्हरसुद्धा कुणाकडे रोखायचं नाही हा तिचा कडक नियम होता, त्यामुळे होल्स्टरमध्ये केळं. ती समोर यायची, डावा हात माझ्या कपाळावर ठेवायची आणि म्हणायची, "झालं हं बाई, झालं." आणि माझ्या कानाच्या वर गार काहीतरी टेकायचं. केळं.

मला केळं येताना दिसलं तर ती चूक. "कान टवकारलेस! परत." मला हसू आलं तरी परत. कोट घालून परत, हातमोजे घालून परत, गुडघ्यावर बसून परत. सरावानंतर ती केळं माझ्या हातात द्यायची आणि म्हणायची, "सोल आता." अर्धं तिचं, अर्धं घोड्याचं. त्या हिवाळ्यात मी इतकी केळी खाल्ली की नवऱ्याला वाटलं मला डोहाळे लागलेत.

एकदा म्हातारे डॉक्टर दारात आले. मी मुखाड्यात, तिच्या हातातलं केळं माझ्या कानाच्या वर टेकवलेलं. त्यांनी कॉफीचा एक घोट घेतला आणि दार हळूच ओढून घेतलं.

आणि मग एक दिवस असा आला की ती समोर उभी होती, हात माझ्या कपाळावर होता, ती बोलत होती, आणि मी तिच्या चेहऱ्याकडेच पाहत होते. केळं केव्हा आलं ते मला कळलंच नाही. "झालं," ती म्हणाली. त्या शब्दाचा अर्थ मला त्या दिवशी कळला.

मार्चमध्ये बर्फ वितळून सगळीकडे चिखल झाला आणि फोन आला. त्याच भागातल्या एका शेतावर घोडी पुलाच्या फळीत पाय अडकून पडली होती. शेतकऱ्यानं म्हाताऱ्या डॉक्टरांना बोलावलं होतं. त्यांनी फोन ऐकला, आमच्याकडे पाहिलं आणि फोनमध्ये म्हणाले, "डॉक्टर येतेय." मग कोट घालून स्वतःही ट्रकमध्ये येऊन बसले. पण शेतावर पोचल्यावर ते कुंपणापाशीच थांबले, दोन्ही हात खिशात घालून.

घोडीभोवती शेजारची माणसं जमली होती. त्यात तो दाढीवालाही होता. घोडी उठायची धडपड करत होती आणि पुन्हा कोसळत होती. ताईनं पाय पाहिला. मालकाकडे पाहून मान हलवली. मालकानंही हलवली. मग ती त्या चिखलात घोडीच्या डोक्याशी बसली, अगदी तशी, दुकानातल्या फरशीवर बसायची तशी. माणसं मागे सरली.

डावा हात मुखाड्यावर. मग कपाळावर.

"झालं हं बाई. झालं."

घोडीनं धडपड थांबवली. तिचे कान ताईकडे वळले. त्या शेतात मराठी कळणारी मी एकटी, पण ऐकत सगळेच होते. मला ठाऊक होतं की आता उजवा हात निघेल. हिवाळाभर मी त्याच जागी उभी राहिले होते. तरी मला तो दिसला नाही. घोडी तर तिच्या चेहऱ्याकडेच पाहत होती.

आवाज झाला. पलीकडच्या झाडावरून कावळे उडाले. घोडीला वाट पाहावी लागली नाही.

दाढीवाल्यानं टोपी काढली होती, ती परत घातली.  ताई उठली, तिचे गुडघे चिखलानं भरले होते. ती मालकापाशी गेली, त्याच्याशी हळू आवाजात बोलली, आणि मग कुंपणाकडे आली.

म्हाताऱ्या डॉक्टरांनी तिच्याकडे नाही, तिच्या डाव्या कमरेकडे पाहिलं.

"सोमवारी मी येणार नाहीये," ते म्हणाले. "दवाखान्याची किल्ली कुठे असते, ठाऊक आहे ना?"

"पायपुसण्याखाली."

"तिथून काढ. जागा चांगली नाही."

ट्रकपाशी आल्यावर तिनं माझ्याकडे किल्ल्या फेकल्या. "तू चालव." गाव येईपर्यंत ती गुडघ्यांवरचा चिखल खरवडत होती.  

त्या वर्षीच्या दसऱ्याला तिनं दवाखान्यात शस्त्रपूजा मांडली. गाईंच्या बाळंतपणाच्या साखळ्या, थर्मामीटर, लोखंडी बादली, आणि मध्ये ते रिकामं होल्स्टर. त्याला तिनं बोटानं कुंकू लावलं. कातड्यानं ते पिऊन टाकलं आणि पुन्हा कधी सोडलं नाही. पुढे त्या भागातल्या शेतकरणी तो डाग कारागिराचा शिक्का समजून आपल्या नवऱ्यांना विचारायच्या, आपल्या लगामांवर हा लाल शिक्का का नाही?

तिनं तो दवाखाना पुष्कळ वर्षं चालवला. मी मधेच सोडून गेले. नवऱ्याला न्यू जर्सीत नोकरी लागली, मुलं झाली, आम्ही पार्सिपनीला घर घेतलं. घर पाहायला ती मुद्दाम आली होती. सगळ्या खोल्यांत उकिडवं बसून पाहिलं आणि म्हणाली, "स्वयंपाकघर घे. बाकीचं आपोआप येईल." ती निवृत्त झाली तेव्हा रिव्हॉल्व्हर तिनं कायद्याप्रमाणे जमा केलं आणि होल्स्टर पोस्टानं मला पाठवून दिलं. सोबत एक केळं काढलेलं चित्र होतं.

ते अजून माझ्या स्वयंपाकघराच्या दाराशी आहे. त्यात टोमॅटोची रोपं छाटायची कात्री असते. डावीकडे लावते, उजव्या हाताला सापडते, आवाज होत नाही. मध्यंतरी नातीनं ते पाहिलं आणि डोळे मोठे केले. "आजी! ओ माय गॉड, यू वर अ काउबॉय?"

"नाही गं," मी म्हणाले. "मी घोडा होते."

ती अजून समजावून सांग म्हणते आहे.

ताईला शेवटचं पाहिलं ते हॉस्पिटलात. मी स्टेट कॉलेजला गेले होते. दुपारची वेळ, खिडकीतून ऊन येत होतं, आणि ती फार अस्वस्थ होती. मान इकडून तिकडे, पाय हलत होते. नर्सनं सांगितलं, औषध दिलंय, लागू पडायला वेळ लागेल. काय करावं मला सुचेना. कुंकू कपाळावर तसंच होतं, कुणीतरी लावून दिलं असावं. मी शेजारी बसले, उकिडवी नाही, माझ्या गुडघ्यांनी तो विषय कधीच सोडला आहे. मी डावा हात तिच्या कपाळावर ठेवला.

"झालं हं बाई," मी म्हणाले. "झालं."

तिची मान थांबली. पाय थांबले. बराच वेळ ती तशीच राहिली, माझ्या हाताखाली. मग तिनं एक डोळा उघडला.

"उजवा हात कुठाय गं तुझा?"

मी उजवा हात वर केला. तिच्या जेवणाच्या ताटातलं केळं त्यात होतं. केव्हा उचललं होतं, मला आठवत नाही.

ती हसली. इतकी हसली की नर्स दारात आली. मग दमून तिनं डोळे मिटले आणि म्हणाली,

"सोल मग."